पुरावा कोठे थांबतो?

शाळेतील वादविवाद स्पर्धा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. काहींनी तीत भागही घेतला असेल. एक मुलगा व्यासपीठावर येतो, अध्यक्षांना वंदन करतो, मूठ आवळून आवाज चढवतो, मध्येच एखादे सुभाषित पेरतो आणि टाळ्या घेऊन आपल्या जागी जाऊन बसतो. त्याचे म्हणणे खरे होते की खोटे, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात सहसा कोणी विचारीत नाही. लहानपणी मीही अशा टाळ्या मिळवल्या आहेत. परंतु भोपाळच्या एका शाळेत मुलांना या स्पर्धांसाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून बोलण्यापेक्षा बोलण्याआधीची तयारी मला अधिक मोलाची वाटू लागली. त्या तयारीविषयी, विशेषतः व्यापारावरील वादात पुरावा कसा शोधावा याविषयी, आज मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

अमेरिकेतील शाळांत धोरणविषयक वादविवादाची एक निराळी पद्धत आहे. देशभरातील शाळा सबंध वर्ष एकाच विषयावर वाद करतात. एका पक्षात दोन विद्यार्थी असतात आणि कधी विषयाच्या बाजूने, तर कधी विरुद्ध, अशा दोन्ही बाजूंनी त्यांना बोलावे लागते. आपल्या विधानामागे कोणी, केव्हा आणि कोठे लिहिले आहे त्याचा उतारा हाताशी ठेवावा लागतो. प्रतिपक्षाने मागितला तर तो दाखवावा लागतो. आमच्याकडील एका स्पर्धेच्या चालकांनी हाच नियम घेतला. बाजू कोणती ते आरंभापूर्वी अर्धा तास चिठ्ठी टाकून ठरावयाचे. विषय होता, 'परदेशी खाद्यतेलावर जबर आयातकर बसविणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.'

माळव्याच्या उंबरठ्यावर बसलेल्या आम्हां लोकांना हा विषय परका नव्हता. भोपाळहून सीहोरकडे जा, की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना सोयाबीनची हिरवी शेते लागतात. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने या पिकाचे प्रयोग केले, आणि पुढे दोन दशकांत मध्य प्रदेशाचे खरिपाचे रूपच पालटले. माझ्या दोन विद्यार्थिनींपैकी एक तर सीहोरजवळच्या शेतकरी कुटुंबातली. तिचे वडील आपला माल कधी सीहोरला, तर कधी भोपाळच्या करोंद मंडीत आणीत. या विषयावर तिचे मत आधीच ठरलेले होते. ती म्हणाली, "सर, यात शोधायचे काय? बाहेरून स्वस्त तेल येते म्हणून आमच्या सोयाबीनला भाव नाही. हे आमच्या गावात पोरालाही ठाऊक आहे."

मी तिला एवढेच म्हणालो, की गावातल्या पोराला जे ठाऊक आहे ते कागदावर कोठे लिहिलेले आहे तेवढे पाहून ये.

आठ दिवसांनी दोघी वह्या घेऊन आल्या आणि आल्या त्या भांडतच आल्या. एकीने खाद्यतेलाच्या आयातीचा एक आकडा आणला होता, दुसरीने त्याच वर्षाचा दुसरा. दोन्ही आकडे विश्वसनीय ठिकाणचे. पाहता पाहता उलगडा झाला. मुंबईच्या तेल-उद्योगाच्या संघाचे 'तेलवर्ष' नोव्हेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. बारा महिन्यांची दोन वर्षे, पण महिने तेच नाहीत. २०२३-२४ च्या तेलवर्षात आपल्या देशाने सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणले. हा आकडा तेलवर्षाचा, असे न सांगता तो आर्थिक वर्षाच्या आकड्याशेजारी मांडला, तर आयात वाढली की घटली हे वक्त्याच्या इच्छेवर अवलंबून राहील.

करांच्या दराचेही तसेच. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयातकर शून्यावरून २० टक्क्यांवर नेला. एका बातमीत '२० टक्के' छापले होते, दुसऱ्या बातमीत '२७.५ टक्के'. मुलींना वाटले, एक वृत्तपत्र खोटे बोलते. मी त्यांना फळ्यावर हिशेब करावयास लावला. मूळ कर २०; त्यावर कृषी पायाभूत सुविधांचा उपकर ५; मिळून झाले २५. या २५ वर समाजकल्याण अधिभार एकदशांश, म्हणजे अडीच. एकूण साडेसत्तावीस. पुढे ३० मे २०२५ रोजी मूळ कर १० टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा त्याच हिशेबाने एकूण भार साडेसोळा टक्के झाला. शुद्ध केलेल्या तेलाचा दर मात्र सप्टेंबर २०२४ पासून ३५.७५ टक्के होता, तो त्या वेळी बदलला नाही. आता कोणी म्हणेल 'कर निम्म्यावर आणला', कोणी म्हणेल 'कर ११ टक्क्यांनी घटवला', आणि कोणी म्हणेल 'शुद्ध तेलावरील कराला हातही लावला नाही'. तिघेही खरे बोलत असतील. कोण कशाविषयी बोलतो आहे, हे ज्याला कळत नाही त्याला तिघेही फसवतील.

येथे मला एका जुन्या शिक्षकाची आठवण झाली, आणि ती मी मुलींना सांगितली. त्यांचे नाव गणेश व्यंकटेश जोशी. जन्म १८५१, मृत्यू १९११. सरकारी शाळांत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात सरकारी अहवाल वाचावेत, हा त्यांचा क्रम. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे अर्थविषयक लेख नाव न घालता प्रसिद्ध होत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी आकडे वाचण्याची विद्या न्यायमूर्ती रानड्यांप्रमाणेच या जोशींपासूनही घेतली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे १८९७ साली गोखल्यांनी लंडनला साक्ष दिली. त्या साक्षीच्या तयारीत जोशींचा मोठा हात होता. पुढे वरिष्ठ कायदे मंडळात अंदाजपत्रकावर गोखल्यांची जी भाषणे गाजली, त्यांच्या आकड्यांमागेही या शाळामास्तरांचे कष्ट होते. आम्हां शिक्षकांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. सभेत टाळ्या एकाला मिळतात. दिव्याखाली बसून अहवाल चाळणारा निराळाच असतो.

त्या पिढीपुढचा वादही व्यापाराचाच होता. लँकेशायरच्या गिरणीमालकांचे म्हणणे असे, की हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर कर लावला तर तेथील गिरण्यांना आयते संरक्षण मिळते, आणि ते खुल्या व्यापाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. म्हणून १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवला आणि त्याच्या तोडीस तोड म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. आता याला उत्तर काय द्यावे? 'हा अन्याय आहे' हे उत्तर खरे होते, पण ते मँचेस्टरच्या माणसाला ऐकू जाणारे नव्हते. आपल्या लोकांनी सुताचे नंबर पाहिले. मुंबईच्या गिरण्या मुख्यत्वे जाडेभरडे सूत व कापड काढीत. लँकेशायरहून येई ते बहुतांशी बारीक. ज्या मालाची लँकेशायरशी फारशी स्पर्धाच नाही, त्याला संरक्षण मिळते हा दावाच पायाशी ढासळतो. आणि जाडे कापड वापरणाऱ्या गरिबावर मात्र कर बसतो. हे उत्तर प्रतिपक्षाच्या तत्त्वाशी न भांडता त्याच्या वस्तुस्थितीला हात घालणारे आहे. तो कर जावयास १९२५-२६ साल उजाडले, हे खरे. चांगला पुरावा लगेच जिंकतो असे नाही. पण तो मोडूनही पडत नाही.

दादाभाई नवरोजींचीही रीत हीच. १८७६ साली त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, तेव्हा सरकारी अहवालांतील पिकांचे व किमतींचे आकडे घेऊन माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढून दाखवले, आणि सरकारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राला त्याहून अधिक खर्च येतो हे सरकारच्याच कागदांवरून मांडले. स्वतंत्र माणसाची मिळकत कैद्याच्या पोटगीलाही पुरत नाही, असा त्याचा अर्थ. आकडे आपल्या घरचे असते तर सरकारने झिडकारले असते. ते सरकारच्याच वहीतले होते, म्हणून नाइलाज झाला.

श्रोतेहो, ही उदाहरणे ऐकून मुलींना स्फुरण चढले आणि त्या सरकारी कागदांच्या मागे लागल्या. मंड्यांचे रोजचे भाव पाहता येतात, व्यापाराचे मासिक आकडे मिळतात, हमीभावांच्या याद्या मिळतात. हे सारे आज कोणालाही घरबसल्या पाहावयास मिळते. जोशी मास्तरांना ज्यासाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागे, ते आज क्षणात पुढे येते. अडचण मिळण्याची उरलेली नाही, वाचण्याची उरलेली आहे.

आणि वाचता वाचता सीहोरची मुलगी एका जागी अडली. सप्टेंबर २०२४ मध्ये कर वाढला. तिच्या मताप्रमाणे सोयाबीनचा भाव वर जावयास हवा होता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. मध्य प्रदेशातील शेतकरी तर ६,००० रुपयांसाठी रस्त्यावर आले होते. परंतु नवे पीक बाजारात आले तेव्हा मंड्यांतील भाव हमीभावाच्याही खालीच राहिले. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांची होती, ती नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. आयातकर वाढल्यावर किराणा दुकानात तेल महागले, पण मंडीत दाण्याला त्या मानाने भाव आला नाही.

"सर, हे कसे?" तिने विचारले. तिच्या आवाजात वादविवादाचा सूर नव्हता. हा तिच्या घरचा प्रश्न होता.

उत्तर दाण्यातच होते. शंभर किलो सोयाबीन गाळले तर तेल निघते सुमारे अठरा किलो. उरते ती पेंड, ऐंशी किलोंच्या आसपास. शेंगदाण्यात वा मोहरीत तेलाचा वाटा याच्या दुपटीच्या घरात असतो. सोयाबीन हे तेलबी म्हणवते खरे, पण वजनाने पाहिले तर ते पेंडीचे पीक आहे. ती पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते आणि परदेशी विकली जाते. जगाच्या बाजारात पेंड स्वस्त झाली की तेलाला मिळालेला आधार पेंडीच्या उतारात वाहून जातो. त्यात आपल्याकडे मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यांचा चोथा स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात आला आणि सोयापेंडीचे गिऱ्हाईक त्याने काही अंशी ओढले. म्हणजे तेलावरील कर हा शेतकऱ्याच्या घराच्या एकाच खांबाला दिलेला टेकू होता. दुसरा खांब त्याच वेळी खचत होता.

याच्या उलट २०२१ साल पाहावे. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला होता. पेंड इतकी महागली की कुक्कुटपालकांच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली. आता एखाद्या वक्त्याने केवळ २०२१ चा भाव सांगितला तर शेतकरी सुखात लोळतो असे वाटेल. केवळ २०२४ चा सांगितला तर तो देशोधडीस लागला असे वाटेल. दोन्ही भाव खरे. एकट्याने उभा केलेला खरा आकडा खोट्या साक्षीदाराचे काम करतो, ते असे.

आता आमच्यापुढे पेच पडला. बाजू चिठ्ठीने ठरणार. कराच्या विरुद्ध बोलावयाचे झाले तर हा पुरावा हाती आयता होता. पण कराच्या बाजूने बोलावे लागले तर? दुसरी विद्यार्थिनी चटकन म्हणाली, "सर, मग ही पेंडीची गोष्ट आपण काढायचीच नाही. त्यांना ठाऊक असली तर बघू." आणि खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले होते.

त्या क्षणी मला माझी स्वतःची एक चूक आठवली. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी भाषणासाठी निर्यातीचा एक आकडा दिला होता. तो मी कोणाच्या तरी व्याख्यानात ऐकला होता; मूळ कागद पाहिला नव्हता. प्रतिपक्षाच्या मुलीने शांतपणे विचारले, "हा आकडा रुपयांचा की डॉलरचा?" माझा विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागला. मला उत्तर ठाऊक नव्हते. तो मुलगा भरसभेत खाली मान घालून बसला, आणि दोष त्याचा नव्हता. बालपणी आमच्या चर्चमध्ये दहा आज्ञा पाठ करताना खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मी शेकडो वेळा म्हटली होती. न तपासलेली साक्षही त्याच आज्ञेत येते, हे मला त्या दिवशी कळले.

गोखल्यांच्याही चरित्रात असा एक प्रसंग आहे, आणि तो नेमका १८९७ सालचाच आहे. वेल्बी आयोगापुढे त्यांच्या साक्षीची कसून उलटतपासणी झाली, तीत ते ठाम उभे राहिले. कारण शब्दाशब्दामागे कागद होता. त्याच मुक्कामात त्यांना पुण्याहून पत्रे आली. प्लेगच्या बंदोबस्तात सोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत लिहिले होते. गोखल्यांनी ते इंग्लंडमध्ये जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. ते परत आले, पत्रे लिहिणाऱ्यांना भेटले. पण कोणीही पुढे येऊन साक्ष द्यावयास तयार होईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांना आपल्याच लोकांकडून पुष्कळ बोल सोसावे लागले. त्या तक्रारी खोट्या होत्या, असे या माफीवरून सिद्ध होत नाही; त्या सिद्ध करता आल्या नाहीत, एवढेच होते. माणूस तोच, वर्ष तेच, प्रामाणिकपणा तोच. एका ठिकाणी विधान पुराव्याच्या आत राहिले, दुसऱ्या ठिकाणी ते पुराव्याच्या पुढे गेले.

म्हणून मी मुलींना एकच नियम घालून दिला. पुरावा हाती आला की तो आपल्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे आधी विचारावयाचे नाही. तो किती बोलतो आणि कोठे थांबतो, हे विचारावयाचे. तो जेथे थांबतो तेथे आपणही थांबावयाचे.

हा नियम विरुद्ध पक्षाचा पुरावा वाचतानाही उपयोगी पडतो. व्यापारावरील वादात नेहमी एक युक्तिवाद येतो, की राष्ट्राराष्ट्रांत व्यापार असला म्हणजे युद्ध होत नाही. त्यावर ठरलेले उत्तर असे : नॉर्मन एंजल नावाच्या इंग्रज लेखकाने १९१० साली पुस्तक लिहून युद्ध आता अशक्य आहे असे सांगितले, आणि १९१४ साली महायुद्ध पेटले. ऐकावयास हे उत्तर बिनतोड वाटते. परंतु मूळ ग्रंथाकडे गेले म्हणजे दिसते, की युद्ध अशक्य आहे हा एंजलचा मुद्दाच नव्हता. परस्परांत गुंतलेल्या राष्ट्रांना युद्धात जिंकूनही लाभ होत नाही, एवढा त्याचा मुद्दा होता. आणि महायुद्धाने तो खोटा ठरवला असे म्हणणे फार कठीण आहे. पुढे १९३३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. आमच्या मुलींनी हे उत्तर टिपून ठेवले होते, ते त्यांनी खोडले.

आणखी एक गोष्ट त्यांनी वहीतून खोडली, ती मी न सांगता. भोपाळमध्ये परदेशी व्यापाराचा वा भांडवलाचा विषय निघाला की १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीचे नाव निघतेच. दुसऱ्या विद्यार्थिनीची आजी गॅसपीडित. 'परदेशी व्यापाराने आमचे शहर मारले' असे वाक्य तिने लिहिले होते. शोधता शोधता तिला आढळले, की जो विषारी वायू त्या रात्री सुटला, ते रसायन पूर्वी अमेरिकेहून येई आणि १९८० पासून ते येथेच बनवले जाऊ लागले. म्हणजे कोणी परदेशी कंपनीकडे बोट दाखवील, कोणी आयात थांबवून माल येथेच बनवण्याच्या धोरणाकडे. टाकीत पाणी शिरले, रक्षणाची साधने बंद होती, ही त्या रात्रीची हकीकत या दोन्ही घोषणांत मावत नाही. ती म्हणाली, "सर, आजीचे दुःख मी गुणांसाठी वापरणार नाही." यावर मी काय बोलणार? हे मला तिला शिकवावे लागले नाही, तिनेच मला शिकवले.

स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी निघाली ती कराच्या बाजूची. सीहोरची मुलगी उभी राहिली. तिने आयातीचा आकडा सांगितला आणि तो तेलवर्षाचा आहे हेही सांगितले. परदेशी तेलात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे, सोयाबीन तेलाचा नव्हे, हे सांगितले. मग ती म्हणाली, की केवळ तेलावर कर वाढवल्याने सोयाबीनचा भाव वाढतो असे आम्ही म्हणत नाही. २०२४ च्या हंगामात तो तसा वाढला नाही. दाण्यात तेल अठरा टक्के आहे; तेवढ्या भागाला कराचा आधार मिळतो, तो काढून घेतला तर शेतकऱ्याची स्थिती आणखी वाईट होईल, एवढेच आम्हांस सिद्ध करावयाचे आहे. पेंडीसाठी निराळी उपाययोजना लागेल.

प्रतिपक्षाच्या मुलांनी पेंडीचा मुद्दा मोठ्या कष्टाने शोधून आणला होता. त्यांचे कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही. त्यांनी गरीब ग्राहकाच्या तेलाच्या पिशवीचा प्रश्न उत्तम मांडला, आणि त्याला आमच्या मुलींचे उत्तर अपुरे पडले. आमचा क्रमांक दुसरा आला. पहिला त्यांचा आला आणि तो योग्य होता.

परंतु माझ्या दृष्टीने खरा निकाल आठवड्यानंतर लागला. सीहोरची मुलगी सुट्टीत घरी जाऊन आली. दाण्यातले तेल आणि पेंड यांचा हिशेब तिने वडिलांना मांडून दाखवला होता. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे दोष कोणाचा?" मुलीने सांगितले, "बाबा, एकाचा नाही." वडिलांना हे उत्तर आवडले नाही, असे ती म्हणाली. मला त्याचे नवल वाटले नाही. ज्याच्या मालाला भाव नाही त्याला एखादा शत्रू दाखवून दिला तर तेवढेच समाधान मिळते, आणि पुरावा ते समाधानही हिरावून घेतो. परंतु पुढल्या मोसमात तेच गृहस्थ मंडीतून घरी फोन करून विचारू लागले, की पेंडीचा भाव आज काय आहे. पूर्वी ते फक्त तेलाच्या कराची बातमी विचारीत.

श्रोतेहो, आपली मुले उद्या मतदार होतील, व्यापारी होतील, शेतकरी होतील. क्वचित एखादे मंत्रीही होईल. आयात, निर्यात, कर, हमीभाव हे शब्द त्यांच्या कानांवर रोज आदळणार आहेत, आणि प्रत्येक शब्दाबरोबर कोणीतरी एक आकडाही त्यांच्या हाती ठेवणार आहे. तो आकडा कोणत्या वर्षाचा, कशाचा, कोणी मोजलेला, आणि त्याच्या शेजारी कोणता आकडा ठेवलेला नाही, एवढे चार प्रश्न विचारण्याची सवय शाळेत लागली, तर वादविवाद स्पर्धेचा ढालीपेक्षा मोठा लाभ झाला असे मी समजेन. जोशी मास्तरांच्या नावाची ढाल कोठे आहे की नाही मला ठाऊक नाही. त्यांची सवय मात्र अजून उपयोगाची आहे.

आपल्या घरी एखादे मूल स्पर्धेसाठी भाषण पाठ करीत असेल, तर आज रात्री त्याला एवढेच विचारा, "बाळ, हे तुला कोठे सापडले?" आणि ते कागद आणावयास उठले, तर आपणही त्याच्याबरोबर तो कागद शेवटपर्यंत वाचा.